मागचं डावं चाक

संयोगिताचा दिवस हल्ली चोरून सुरू व्हायचा. सासू उठायच्या आत ती पायपंप घेऊन अंगणात जायची आणि गाडीच्या मागच्या डाव्या चाकात हवा भरायची. रोज सकाळी चाक बसलेलं असायचं. पदर कमरेला खोचून ती पंप दाबायची आणि त्याची कुरकुर आत ऐकू जाईल म्हणून जीव मुठीत धरायची.

पंक्चर काढायला उंब्रजची बाजारपेठ काही लांब नव्हती. पण गाडी बाहेर काढली की सासू, शालूबाई, विचारणार, आणि कळलं की हाय खाणार. गाडी नवऱ्याने, जयराजने, मागच्या सुट्टीत घेतलेली. जुनीच, पण त्याच्या आईला कोण कौतुक! पलटणीत परत जाताना तो म्हणाला होता, "आई, माझ्यामागं हिला जप." बायको शेजारीच उभी होती, तरी हे बोलणं गाडीबद्दल होतं. तेव्हापासून गाडी नीट तर पोरगा नीट, असं शालूबाईंच्या डोक्यात पक्कं बसलं. दर शनिवारी त्या तारेत ओवलेली नवी लिंबू-मिरची गाडीला बांधायच्या आणि जुनी गल्लीत टाकायच्या.

आणि आता जयराजचा फोन लागत नव्हता. पलटण पुढच्या चौकीवर हलली, तिथं रेंज नाही, एवढं त्याच्या एका सोबत्याच्या बायकोकडून कळलं होतं. त्यानंतर काहीच नाही. संयोगिता भाकरी थापतानाही मोबाईल ओट्यावर ठेवायची. सासूसमोर हसून बोलायची आणि आपलं हसणं आपल्यालाच खोटं वाटायचं.

एका सकाळी तिला उठायला उशीर झाला. धडपडत बाहेर आली तर चाक टणक. शालूबाई पायरीवर बसून धापा टाकत होत्या, पायाशी पंप.

"आत्या, तुमी?"

"मी रोज सांजच्याला भरते गं. आज सकाळी बी बसल्यालं दिसलं," शालूबाई म्हणाल्या. "तुला दिसू नये म्हनून. तुझ्या मनात नसतं कायबाय आलं असतं."

संयोगिताला आधी हसू आलं आणि मग रडू आवरेना.

दोघी गाडी घेऊन मुजीबच्या पंक्चरच्या दुकानात गेल्या. त्याने चाक काढून पाण्यात फिरवलं, बुडबुड्यांपाशी बोट ठेवलं आणि पकडीने तारेचा एक तुकडा ओढून काढला. "लिंबू-मिरचीची तार हाय, मावशी. सुकल्याली मिरची बी चिकटलीया," तो हसत म्हणाला. शालूबाई हसल्या नाहीत.

परत येताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "माझीच तार ती," त्या म्हणाल्या. "पोराला जपायला म्हनून बांधली आन् मीच..."

"आत्या, तार चाकात गेली. दुसरं काय न्हाई," संयोगिता म्हणाली. पण गल्लीत पडलेली जुनी लिंबू-मिरची दिसताच तिनं गाडी वळवून बाजूनं घेतली.

दुसऱ्या दिवशी सवयीनं दोघींनाही पहाटेच जाग आली. दोघी अंगणात आल्या. चाक दगडासारखं घट्ट होतं. संयोगिताच्या हातातला मोबाईल गप्प होता. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, नुसती वाट बघायची. इतके दिवस निदान पाय तरी हलत होते, हे तिला तेव्हा कळलं.

शालूबाईंनी वाकून चाक अंगठ्यानं दाबलं. अंगठा जराही आत गेला नाही.

"हवा जरा कमी वाटतीया. न्हाई?"

संयोगितानं सासूच्या तोंडाकडे पाहिलं.

"व्हय आत्या, जराशी कमीच हाय," ती म्हणाली आणि पंप आणायला आत गेली.