राखीव रानातला विस्तव

मी एक जुनी चकमक आहे. घोड्याच्या तुटक्या नालेतून ओतूरच्या लोहाराने मला घडवलं. घोड्याला कुणी विचारलं नाही. गारगोटीवर घासलं की ठिणगी द्यायची, एवढंच माझं काम.

माझा मालक तय्यब जुन्नरात कागद बनवायचा. गाठीच्या तापाची साथ आली, घरोघरी उंदीर मरून पडले आणि सगळं गाव शिवारात झोपड्या घालून राहिलं. तय्यबला जागाच उरली नाही. बायको जन्नतबी आणि वीस दिवसांची लेक घेऊन तो राखीव जंगलात शिरला. तिथे परवान्याशिवाय राहायला बंदी. सापडलो तर परत त्याच घरात, त्याच उंदरांत.

ओढ्याकाठची आडोशाची जागा त्याने नेमकी हेरली. छप्पर मात्र कागदाचं केलं, कारण त्याला तेवढंच येत होतं. पहाटेच्या दवाने ते खाली आलं. जन्नतबी पळसाची पानं टाचायला बसली.

"कागद चांगला व्हता," तय्यब म्हणाला.

"लई चांगला. पोरीला अजून चिकटलाय."

मित्रांनो, पोर थंडीने निळी पडली होती. जाळ करावा तर धूर दिसणार, न करावा तर पोर जाणार. तय्यबने मला सावरीच्या कापसाजवळ धरलं. मीही दवाने भिजले होते. सहा वेळा घासलं, काही नाही. सातव्यांदा ठिणगी पडली. वाळक्या काटक्या पेटल्या, आणि धुराची एक रेघ झाडांवर चढली.

थोड्याच वेळात पाचोळा वाजला. जंगलखात्याचा शिपाई गेणभाऊ समोर उभा! जन्नतबीने पोर पदराआड घेतली.

"परवाना हाय?"

"न्हाई," तय्यब पुटपुटला.

गेणभाऊने मागे लपवलेलं खापर पुढे केलं. "मग विस्तव तरी द्या. काडेपेटी भिजली. माझी चार पोरं त्या करवंदीच्या जाळीमागं कुडकुडत्यात."

"आन् तुमचा परवाना?" जन्नतबीने विचारलं.

"कसा मागू, भाभी? सायेब मलाच धाडंल, मला हाकलाया."

जन्नतबीने खापर निखाऱ्यांनी भरलं. विस्तव मागणाऱ्याला रिकामं पाठवत नाहीत. पुढे महिनाभर गेणभाऊ रोज सकाळी विस्तव न्यायचा, मग गस्त घालायचा आणि वर कळवायचा, "जंगलात कोणी नाही."

ती पोर जगली. पुढे घरात काड्यापेट्या आल्या आणि मी डब्यात गंजत पडले.

मित्रांनो, मला पुसून थेंबभर तेल लावा. आणि दारात कुणी खापर घेऊन आलं, तर आधी विस्तव द्या. परवान्याचं विस्तव निवल्यावर विचारा.