बाथरूमजवळची जागा

जागा निवडायची वेळ आली की आमच्या घरात तीन माणसांची चार मतं होतात. चौथं मत माझंच असतं, कारण पहिलं बोलून होईपर्यंत मला दुसरं सुचलेलं असतं. सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं मत कुणी धरत नाही. विचारतो आम्ही, नाही असं नाही. पण बाबांनी आयुष्यभर लोकांचे केस कापले. खुर्चीतला म्हणाला, सरकार वाईट आहे, की बाबा म्हणणार, हो. त्याच्या मागचा म्हणाला, सरकार चांगलं आहे, की त्यालाही हो. ‘वस्तरा हातात असताना वाद घालायचा नसतो,’ असं त्यांचं तत्त्व. वस्तरा सुटला, पण ‘हो’ काही सुटलं नाही.

या खेपेला मात्र जागा त्यांच्यासाठीच निवडायची होती. त्यांच्या दुकानात मागच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष उलटून गेलं तरी बाबांनी ते काढलं नाही, कारण त्यावर या राष्ट्रीय उद्यानाचा फोटो होता. एक उघडा गोल डोंगर, त्यावर एकच झाड आणि उतारावर चरणारा हरणांचा कळप. बाबा गिऱ्हाइकाच्या मागे उभे, तोंड आरशाकडे, त्यामुळे तो डोंगर त्यांनी दिवसभर पाहिला तो आरशात. एकदा जाऊन ती हरणं डोळ्यांनी बघायची, असं ते मला लग्न झाल्यापासून सांगताहेत. दुकान होतं तेव्हा सुट्टी नव्हती. मग सुट्टीच सुट्टी झाली, आणि बाबा न्हाणीत पडले.

पाठीचा मणका मोडला. आता ते उताणे झोपून असतात, डोक्याखाली एक पातळ उशी. मान वळवता येते, बसता येत नाही. डॉक्टर म्हणाले, प्रवास एकदा करा हवा तर, पुन्हा मात्र नको. एकदा म्हणजे एकदा. तिथे गेलो आणि हरणं दिसली नाहीत, तर विषय संपला.

माझा नवरा सुतार. त्याला मी सुतारच म्हणते, रागात आणि लाडातही. त्याने सामान पोचवायची एक जुनी गाडी घेतली आणि तिचं चाकांवरचं घर केलं. ओटा केला, घडीचं टेबल केलं, आणि डाव्या भिंतीला बाबांचा पलंग, उशीच्या शेजारी खिडकी. पलंगाच्या वर भिंतीला कपाट. काम असं नेटकं की कुठे नखाएवढी फट नाही. मी शाळेची बस चालवते, म्हणून गाडी चालवायचं माझ्याकडे. आणि माहिती काढायचं ताईंकडे. ताई माझी नणंद. त्या शाळेत भूगोल शिकवतात, त्यामुळे रस्ता चुकला तरी आपण कुठल्या खडकावर चुकलो ते कळतं.

उद्यानाच्या फाटकाबाहेर गाड्या लावून राहायचं एक मोठं मैदान आहे, टेकडीवर पसरलेलं. दुपारी तिथे पोचलो. राखणदार म्हणाला, तीन ठिकाणी जागा आहे. माथ्यावर एक, मधे झाडाखाली एक आणि खाली बाथरूमजवळ हव्या तेवढ्या.

“माथा,” ताई फोनवरून मान वर न करता म्हणाल्या. “सगळ्यांनी लिहिलंय. दरीचं दृश्य अप्रतिम. संध्याकाळी हरणं दरीत उतरतात. आणि बाथरूमजवळच्या जागेबद्दल एकच शब्द लिहिलाय. टाळा.”

“मधली बरी,” सुतार म्हणाला. “सावली आहे. जमीन सपाट आहे.”

बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, “दोन्ही चांगल्या.”

मी गाडी माथ्याकडे घेतली. तर तिथे एक लाल टोपीवाला आपली लांबलचक चकचकीत गाडी मागे घेत होता, बायको मागे उभी राहून हात हलवत होती. मी गाडी तशीच आडवी घातली आणि खाली उतरले. आता भांडण म्हटलं की मला अंगात वारं आल्यासारखं होतं. म्हटलं, आमच्याकडे आजारी माणूस आहे, त्याला दरी बघायची आहे, तुम्हाला पाय आहेत, चालत येऊन बघा. तो म्हणाला, आधी मी आलो. म्हटलं, आधी तर डोंगर आला होता, त्याने कुठे हक्क सांगितला. बराच वेळ चाललं. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, सोडा हो, या बाईच्या कुठे नादी लागता. आम्हाला माथा मिळाला.

मग सुताराचा सोहळा. त्याने जमिनीवर पाणसळ ठेवली, तो काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईना, म्हणून एका चाकाखाली लाकडी पाचर घाल, दुसऱ्याखालची काढ. बुडबुडा बसला तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. खिडकी बरोबर दरीकडे. बाहेर उभं राहिलं की खाली नदी, गवत, पलीकडे जंगल. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

“बाबा, दिसतंय ना?” मी दारातून ओरडून विचारलं.

“हो हो. झकास.”

संध्याकाळी खरंच कळप आला. दरीच्या तळाशी, मोहरीएवढा, पण आला. ताई खिडकीच्या बाहेर उभ्या राहून बाबांना सांगायला लागल्या. ती बघा नदीजवळची, ती बघा पिल्लं. आतून बाबांचं हो हो चालू. मग ताई म्हणाल्या, “आणि मागे ते पांढरं बघितलंत का? अगदी पांढरंशुभ्र आहे हो एक.”

“बघतोय ना,” बाबा म्हणाले. “चाल किती ऐटीची आहे त्याची.”

सुताराकडे दुर्बीण होती. ती मी घेतली आणि बघितलं. ते पांढरं म्हणजे कुणाचा तरी टॉवेल झुडपाला अडकलेला. तो कुठेही चालत नव्हता. मी काही बोलले नाही. माझ्यासारखी बाई बोलत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे सुताराला कळलं. त्याने हळूच काय झालं म्हणून विचारलं. म्हटलं, सकाळी सांगते.

सकाळी आम्ही बाबांना अलगद उचलून समोरच्या बाकावर ठेवतो, अंग पुसतो, चादर बदलतो. सुतार पाणी आणायला गेला, तोवर मी चादर झटकायच्या निमित्ताने त्यांच्या पलंगावर आडवी झाले. पातळ उशीवर डोकं ठेवलं. मान खिडकीकडे वळवली.

आभाळ. नुसतं आभाळ. एका कोपऱ्यात विजेची तार, बस. दरी नाही, नदी नाही, गवताचं पातं नाही. खिडकी सुताराने पलंगावर बसून मापली होती. आणि माथ्यावर गाडी लावली म्हणजे बघायचं ते सगळं खाली गेलं. उभ्या माणसांनी जागा निवडली, उभ्या माणसांना आवडली. आडव्याला विचारलं कुणी?

मी तशीच पडून राहिले. राग यायला हवा होता, आला नाही.

“बाबा,” मी झोपूनच म्हटलं, “काल काय दिसलं तुम्हाला?”

समोरच्या बाकावरून बाबा म्हणाले, “आभाळ. पण चांगलं होतं गं.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू त्या माणसाशी एवढी भांडलीस. ताई रडली. आणि याने तर चाकाखाली किती वेळ घातला. एवढ्या हौसेने कुणी दाखवत असताना दिसत नाही म्हणायचं म्हणजे… तुम्हा सगळ्यांचा पडला असता चेहरा.”

सुतार दारात बादली घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. बादली खाली ठेवून तो पलंगाची उंची मोजायला लागला. पलंग उचलावा तर वरचं कपाट नाकाला टेकतं. कपाट काढावं तर ते आतून डिंकाने बसवलेलं, हत्यारं घरी. नेटकं काम आता नडलं. उशी उंच केली तर बाबा कळवळले, ती लगेच काढली. शेवटी ताईंनी बाबांच्या पेटीतून त्यांचा हातातला आरसा काढला, गिऱ्हाइकाला मागची मान दाखवायचा तो. खिडकीबाहेर तिरका धरला. त्यात दरी दिसली खरी.

बाबांनी एकदा पाहिलं आणि डोळे मिटले.

“आरशात बघून झालंय गं,” ते म्हणाले. “तेच तर बघत आलो.”

हा बाबांनी दिलेला पहिला नकार. म्हणजे माझ्या ऐकण्यातला. मग मी सुताराला म्हटलं, पाचरी काढ.

“आता कुठे जायचं?” ताईंनी विचारलं.

“ते बाबा सांगतील,” मी म्हटलं. “बाबा, मी गाडी हळू चालवते. ताई तुमच्याजवळ बसतील. जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं. आणि आवडलं नाही तर नाही म्हणायचं. हो म्हणालात तर माझ्याशी गाठ आहे.”

आम्ही हललो न हललो तोच लाल टोपीवाला माथ्यावर हजर. मी काच खाली केली आणि म्हटलं, घ्या, तुमचीच होती. त्याला वाटलं मी टोमणा मारतेय.

मुंगीच्या पावलाने गाडी उतरत होती. मागून बाबांचा आवाज. आधी बिचकत, चोरासारखा.

“आभाळ.”

मी पुढे घेतलं.

“आभाळच आहे. फांद्या आल्या आता.” ही मधली जागा. सुताराने आशेने मागे पाहिलं. “पानं छान आहेत,” बाबा म्हणाले, आणि मी खाकरले. “पण नाही. ही नको.”

“वा,” मी म्हटलं.

“पुढे घे,” बाबा म्हणाले. आवाज थोडा चढला होता. “खांब. दुसरी गाडी. नको. एक बाई दात घासतेय, ती माझ्याकडे बघतेय. नको, नको, चल इथून.” ताई हसायला लागल्या. बाबांना जोर चढला. आयुष्यभर साठलेले सगळे नकार त्या उतारावर बाहेर पडत होते. हे नको, ते नको, ही भिंत कसली घाणेरडी आहे. सुतार म्हणाला, बाबा काय बोलतायत हे, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

उतार संपला. बाथरूमच्या शेजारी आलो. फिनेलचा वास, टॉवेल खांद्यावर टाकून उभी असलेली रांग, आणि जमीन अशी तिरकी की टेबलावरचा पेला घसरून पडला. मी वळण घेऊन बाहेर पडायच्या बेतात होते.

“थांब,” बाबा म्हणाले.

मी ब्रेक दाबला.

मी मागे वळून पाहिलं. त्या बाबांच्या उशीवरून वाकून बाहेर बघत होत्या. ओढ्यापलीकडून एक उघडा डोंगर सरळ वर चढला होता, गोल, त्यावर एकच झाड. खिडकी काठोकाठ त्या डोंगराने भरली होती. अर्थात. फोटो काढणारा खालीच उभा असणार की. माथ्यावरून हा डोंगर झाडांच्या मागे राहिला होता, आम्ही कुणी तिकडे पाहिलंही नव्हतं.

“अगं,” बाबा म्हणाले, “झाड उजवीकडे आहे.”

“उजवीकडेच होतं बाबा,” ताई म्हणाल्या. “कॅलेंडरवर उजवीकडेच होतं.”

“मी डावीकडे समजत होतो,” बाबा म्हणाले. “एवढी वर्षं.”

सुताराने पाणसळ काढली, तिरक्या जमिनीकडे पाहिलं आणि परत खणात ठेवून दिली. बुडबुडा दिवसभर कोपऱ्यात. चहाचे कप हातातच धरून प्यायलो. बाथरूमच्या रांगेतली माणसं गाडीच्या मागच्या बाजूने वळवायचं काम मी घेतलं, म्हणजे खिडकीसमोर कुणी उभं राहू नये. दोघांशी वाजलं. एकाने नंतर येऊन बाबांना राम राम केला.

ऊन कलल्यावर बाबा म्हणाले, “आली.”

आम्ही तिघंही आत होतो, पलंगाजवळ खाली बसून. खिडकी एका डोक्यापुरती. आम्हाला खालून फक्त काचेवरचा उजेड दिसत होता. आणि बाबा सांगत होते. एक मोठं पुढे आहे. ते थांबलं की सगळी थांबतात. पिल्लू आईच्या पोटाखालून निघालं. झाडाखाली दोन बसली आता.

“पोरी, तुला दिसतंय ना?” बाबांनी मला विचारलं.

“हो हो,” मी म्हटलं. “झकास.”

“खोटं बोलू नकोस,” बाबा म्हणाले. दुखत असताना त्यांनी डोकं इंच इंच सरकवलं, आणि उशीची कड हाताने थोपटली. “इथून बघ.”

मी गुडघ्यांवर उठले आणि त्या कडेशी डोकं टेकवलं.