थांब्याचं पाणी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढे या, लाजू नका. आज एका पावाची गोष्ट सांगायची आहे, आणि त्या पावातल्या पाण्याची. ऐकता ऐकता डोळे ओले झाले तर पुसायची घाई करू नका. ओल असल्याशिवाय पीठसुद्धा एक होत नाही.

उताराच्या रस्त्यावर एक बेकरी होती. भट्टी माईची, पीठ मळायची काथवट तिच्या लेकाची आणि पुढचा गल्ला सुनेचा. माईचा देवावर भारी जीव. सकाळी भट्टी पेटवली की ती रेडिओवर गाऊन सांगितलेली प्रवचनं लावायची. निरूपण रंगात आलं की माईची समाधी लागायची आणि एखादा पाव हमखास करपायचा. "तो देवाचा वाटा," असं म्हणून ती तो स्वतःच खायची.

प्रवचन संपलं की पाळी लेकाची. हातभर लांब लाकडी काथवटीत पीठ ओतायचा आणि पिठाने पांढराफटक झालेल्या प्लेअरवर आपली गाणी लावायचा. कुणीतरी गिटारवर आधी पुटपुटायचं, मग जीव तोडून ओरडायचं.

"हे काय रे? कुणाचं बोट दारात चिरडलंय का?"

"बोट नाही आई, मन. इमो म्हणतात असल्या दुखऱ्या गाण्यांना."

"इमो! मला वाटलं खोकल्याचं औषध. आणि मग त्या दारातून मन काढून का नाही घेत तो?"

"काढलं तर गाणं कसं होणार?"

असं रोजचं चालायचं. पाव मात्र असा व्हायचा, की बोटाने दाबावा आणि त्याने हसत पुन्हा वर यावं.

गेल्या थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि लेक गेला.

माईने प्लेअर उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि त्यावर फडकं टाकलं. ती रडली नाही. देवाशी अबोला धरला नाही, पण बोलणं तुटक झालं. "रडत बसले तर भट्टी कोण बघणार?" एवढंच म्हणायची. सुनेने गल्ला सोडून काथवट धरली. पीठ तेच, भट्टी तीच, पण पाव निघायचा तो विटेला लाजवील असा. समोरचे म्हातारे मास्तर भिडेखातर रोज न्यायचे. एकदा म्हणाले, "माई, पाव फार उपयोगी पडतो हो. वाऱ्याने दार आपटत होतं, आता नाही आपटत."

माई हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. त्यात सुनेच्या भावाचा निरोप आला: रविवारी न्यायला येतो, सामान बांधून ठेव. सून हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. खांदा आखडल्यामुळे माईला पीठ मळता येत नव्हतं, म्हणजे सून गेली की बेकरीला कुलूप. पण कुलपाचं तिला एवढं नव्हतं. लेकाची आठवण आपल्याइतकीच जपणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि तेच निघालं होतं.

शनिवारी सून काथवटीशी झटत होती. माईला राहवेना.

"पोरी, त्याच्या हातचं पीठ असं दगड नव्हतं गं. तू विसरतेस तरी काय?"

"काही नाही विसरत, आई. पीठ, मीठ, तांब्याभर पाणी, सगळं ह्यांच्याच मापाचं. फक्त..."

"फक्त काय?"

"घड्याळ नाही बघायचे हे. पहिल्या गाण्यात कालवायचं, दुसऱ्यात मळायचं आणि तिसरं संपलं की झाकायचं. मी आपली अंदाजाने करते."

"मग लाव की गाणी!"

"तुम्ही फडकं टाकलंत त्यावर." सून मान वर न करता म्हणाली.

माईने स्टूल ओढून फळीखाली ठेवलं आणि ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. सून चढली.

पहिलं गाणं लागलं. एकटी गिटार आणि पुटपुटणारा पोरगा.

"काय म्हणतोय गं?"

"मित्राच्या जुन्या घरावरून चाललाय. खिडकीत दिवा दिसतोय, पण आत आता दुसरेच लोक राहतात."

दुसऱ्या गाण्यात ढोल घुमले आणि गायकाचा आवाज वर जाता जाता चिरला. माई भट्टीपाशी थबकली.

"अगं, हा तर धावा करतोय! भक्त देवाला हाक मारतो ना, तिथे आमच्या प्रवचनकारांचाही गळा असाच फाटतो. तिथे मी डोळे मिटून डोलते, आणि याला मी मेलीने किंचाळणं म्हटलं!"

तिसरं गाणं सगळ्यांत दांडगं. वाद्यांचा नुसता कल्लोळ, आणि तो ऐन भरात असताना एकाएकी सगळं थांबलं. ना गिटार, ना ढोल. सगळी खोली श्वास धरून उभी.

आणि माईचा हात आपसूक भट्टीच्या कडेला ठेवलेल्या कोमट पाण्याच्या तांब्याकडे गेला. ती चार पावलं चालली आणि सुनेच्या हातांवरून काथवटीत पाणी सोडलं. तांब्या रिकामा झाला आणि गाणं पुन्हा उसळलं.

"आई! हे काय?"

"पाणी." माई स्वतःच चकित झाली होती. "इथेच ओरडायचा ना तो, 'आई, पाणी!' म्हणून?"

"ह्यांनी मला कधी सांगितलं नाही."

"तू पुढे गल्ल्यावर, तुला कुठून ऐकू येणार? आणि मला वाटायचं, हाताला चिकटलेलं पीठ सोडवायला मागतोय."

एकीला गाणी ठाऊक, दुसरीला पाणी. पीठ बिचारं दोघींच्या मधे तहानलेलं. सुनेने पुन्हा मळायला घेतलं, आणि बघता बघता ते तिच्या हाताखाली मऊ पडलं.

माई तिथेच पिठाच्या पोत्यावर टेकली. इतकी वर्षं ज्या गाण्याला नावं ठेवली, त्या गाण्यात लेकाने तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती. रोज तिथे हाक मारली होती, आणि ती रोज न चुकता गेली होती. मग माई रडली, पोटभर, त्या गाण्याहून मोठ्याने. सून पिठाच्या हातांनीच तिला बिलगली. "देवा, तुझे उपकार," माई हुंदक्यातून म्हणत होती, "केवढे रे तुझे उपकार! आणि पोरी, तुझेही. तू ही गाणी सांभाळलीस."

रविवारी भाऊ आला. सामान कुठे दिसेना. टेबलावर गरम पाव होता. त्याने दाबून पाहिला, तो हसत वर आला.

"म्हणजे तू येत नाहीस तर," तो घास घेत म्हणाला.

"दादा, आईंना गाण्यांचा अर्थ कोण सांगणार?"

"आणि हिला पाणी कोण देणार?" भट्टीजवळून माई म्हणाली.

भाऊ दोन पाव घेऊन गेला. आणखी एक मास्तरांनी उधार नेला, आणि त्यांचं दार पुन्हा आपटायला लागलं.

तर मंडळी, तुमची पोरं असली गाणी लावतील तेव्हा चटकन बंद करू नका. थोडं जवळ बसा, अर्थ विचारा. आणि एखादं गाणं ऐन भरात मधेच थांबलं, तर त्या शांततेत माईच्या लेकाची आठवण काढा. तो तिथे आईला हाक मारायचा.