मयूरची टेस्ट ड्राइव्ह

लेन असिस्टचं नाव काढलं की गिऱ्हाईक काय बोलणार, हे मनालीला एव्हाना तोंडपाठ झालं होतं. परळच्या त्या शोरूममध्ये ती गाड्या दाखवायची. इंडिकेटर न देता गाडी पट्ट्याबाहेर सरकायला लागली की स्टिअरिंग हातात थरथरतं आणि हळूच आत वळतं, एवढीच ती करामत. बायका म्हणायच्या, बरंय की, कोणीतरी लक्ष ठेवतंय. म्हातारी माणसं हसायची, "आधी लालबागेत पट्टे दाखव, मग बोलू." चाळिशीच्या आतले पुरुष मात्र हटकून चिडायचे. बायकोपोरांसमोर कोणी मनगट धरल्यासारखं तोंड करायचे.

त्या शनिवारी दुपारी काचेचं दार ढकलून मयूर आत आला, तेव्हा मनालीने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. बरोबर त्याची बायको होती. मयूरने मनालीकडे पाहिलं, क्षणभर थबकला, आणि मग अगदी अनोळखी माणसासारखा म्हणाला, "मॅडम, नवीन मॉडेलची टेस्ट ड्राइव्ह मिळेल?"

तीन वर्षांपूर्वी ह्याच माणसाशी तिचा साखरपुडा झाला होता. देवीला नमस्कार करायला म्हणून गावी निघाले होते. गाडी मयूर चालवत होता, शेजारी मनाली, मागे तिची आई रखमा. कणकवलीच्या अलीकडे गाडी डावीकडच्या खड्ड्यात गेली आणि रखमाबाईंचा पाय मांडीत मोडला. मनाली तेव्हा झोपेत होती, रखमाबाईही. मयूरने सगळ्यांना सांगितलं, "हिने झोपेत दचकून स्टिअरिंग ओढलं." त्याची आई भोईवाड्याच्या चाळीत चारचौघांत म्हणाली, असली अवलक्षणी पोर आम्हाला नको. लग्न मोडलं. रखमाबाईंच्या हातात काठी आली ती कायमची. आणि झोपेत आपण खरंच हात घातला का, हे मनालीला स्वतःलाच शपथेवर सांगता येईना.

आणि आता हा तिला मॅडम म्हणत होता.

"मिळेल ना सर," मनाली म्हणाली. "या."

एरवी ती गिऱ्हाइकाला जवळच्या जवळ फिरवून आणायची. आज म्हणाली, वरळीहून कोस्टल रोड घेऊ, तिथे पट्टे स्वच्छ आहेत. मयूर स्टिअरिंगवर बसला, ती शेजारी, बायको मागे. तिचं नाव आकांक्षा. निघण्याआधी मनालीने स्क्रीनवर बोट फिरवून लेन असिस्ट सगळ्यात कडक करून ठेवलं. मयूरचा मोबाईल त्याच्या मांडीवर उताणा पडलेला तिने पाहिला होता. मोबाईल आत ठेवा, हे वाक्य ती प्रत्येकाला सांगायची. आज सांगितलं नाही.

आकांक्षा बोलकी होती. "माझ्या बाबांचं म्हणणं, सेफ्टीवालीच गाडी घ्या. ह्याचा एक ॲक्सिडेंट झालाय ना आधी."

"हो?" मनाली म्हणाली.

"ह्याची चूक नव्हती हां. ह्याचं लग्न ठरलं होतं त्या मुलीने झोपेत स्टिअरिंग ओढलं. तिच्याच आईचा पाय गेला बिचारीचा."

"बापरे," मनाली म्हणाली. मयूरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

वरळी सुटली, गाडीने वेग घेतला. मांडीवरचा मोबाईल उजळला, मयूरची नजर खाली गेली आणि स्टिअरिंग थरथरलं.

"सर, गाडी डावीकडे जातेय," मनाली गोड आवाजात म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा मोबाईल, पुन्हा थरथर. पुन्हा डावीकडेच.

"हे काय सारखं सारखं?" मयूर खेकसला. "सिस्टीममध्ये फॉल्ट आहे."

"फॉल्ट नाही सर. मोबाईलकडे बघताना तुमचा हात डावीकडे ओढतो. सवय असते एकेकाची."

मागे आकांक्षा पुढे सरकून बसली होती. मनालीच्या पोटात काहीतरी गरम, गोड पसरत गेलं. तीन वर्षं रात्रंदिवस तिने स्वतःचा हात तपासला होता, आणि इथे गाडी पुन्हा पुन्हा सांगत होती कोणाचा हात ते.

बोगद्यात शिरता शिरता मयूर ओरडला, "बंद करा हे! मला गाडी चालवायला शिकवायची गरज नाही."

अशा वेळी नाही म्हणायचं, असा शोरूमचा नियम होता. मनालीने स्क्रीनला हात लावला आणि बंद केलं. जाऊ दे ह्याला, तिला वाटलं. घासू दे. बायकोसमोर गाडी भिंतीला घासू दे, तो आवाज तिला एकदा ऐकू दे.

मोबाईल उजळला. ह्या वेळी काहीच थरथरलं नाही. गाडी अलगद डावीकडे सरकली, बोगद्याची भिंत मनालीच्या खिडकीकडे येऊ लागली आणि मयूर खालीच बघत होता. गाडीत आपणही आहोत, मागे एक बाई आहे जिने आपलं काही वाकडं केलेलं नाही, हे सगळं तिला एकदम आठवलं.

"मयूर, समोर बघ!" ती किंचाळली.

त्याने स्टिअरिंग झटक्यात ओढलं. गाडी हेलपाटली, मागून हॉर्न वाजले, मग ती सरळ झाली. मनालीने लेन असिस्ट पुन्हा चालू केलं.

"तुम्ही ह्याला नावाने हाक मारलीत," आकांक्षा मागून म्हणाली. "अरे-तुरे केलंत."

"ती झोपलेली मुलगी मीच," मनाली म्हणाली.

"आकांक्षा, ही मुद्दाम करतेय सगळं!"

"हो, मुद्दाम. रस्ता मुद्दाम निवडला, सेटिंग मुद्दाम लावलं, बंदही मुद्दामच केलं. मोबाईल मात्र तुझा तूच बघितलास. कणकवलीलाही बघत होतास ना?"

मयूरने मांडीवरचा मोबाईल उचलून खिशात कोंबला. बोगदा संपला, समोर ऊन आलं.

"चौपाटीला गाडी घे बाजूला," आकांक्षा म्हणाली.

येताना गाडी तिने चालवली. मयूर मागे बसला. वरळीला वळताना ती इंडिकेटर द्यायला विसरली, स्टिअरिंग थरथरलं, आणि ती त्या स्टिअरिंगलाच "सॉरी" म्हणाली. शोरूमच्या दारात उतरल्यावर तिने मनालीचा हात धरला, घट्ट दाबला आणि निघून गेली.

तक्रार होणार, नोकरीवर गदा येणार, हे मनालीला कळत होतं. तरी घोडपदेवला घरी पोचेपर्यंत तिला हसूच येत होतं. तिने आईला सगळं सांगितलं. रखमाबाईंनी ते पुन्हा सांगायला लावलं.

"मगे? थरथारला म्हणजे कसा? तेचा तोंड कसा झाला?"

मनालीने तोंड करून दाखवलं. रखमाबाई हसल्या, मग हसता हसता थांबल्या आणि काठीची मूठ चोळत बसल्या.

"माका सुद्धा मधी मधी वाटायचा गो," त्या हळूच म्हणाल्या. "तूच हात घातलंस काय म्हणान."

"कधी बोलली नाहीस."

"तुका दुखवूक नको म्हणान बोललंय नाय."

म्हणजे मयूरने नुसता पायच मोडला नव्हता. तीन वर्षं एका खोलीत राहून आई तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती, आणि तेही त्याचंच देणं होतं. दुपारचा सगळा गोडवा मनालीच्या जिभेवर कडू झाला. एवढ्याने भागणार नव्हतं.

"आई, उठ. साडी बदल."

"खंय?"

"भोईवाड्याला. त्याच्या आईकडे. मला अवलक्षणी म्हणाली ना, त्याच चाळीत."

रखमाबाईंनी लेकीकडे रोखून पाहिलं. मग काठी टेकून उभ्या राहिल्या आणि कपाटातलं नारळी काठाचं लुगडं काढलं, ते त्या फक्त लग्नाकार्याला नेसत.

चाळीचे जिने अंधारे आणि उंच होते. मनालीने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. एकेक पायरी, कठड्याला धरून, दुखरा पाय मागून ओढत त्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. मयूरच्या आईने दार उघडलं. हातात निवडायची मेथी होती, ती तशीच राहिली.

"रखमाताई? तुम्ही?"

रखमाबाईंनी आधी दम खाल्ला. मग पदर कमरेला खोचला आणि असा आवाज चढवला, की मजल्यावरची एकूण एक दारं उघडली.