रविवारचा नमुना

दर बुधवारी सेलुवाया आत्याच्या समुद्रकाठच्या गेस्ट हाउसमागे जाऊन सांडपाण्याच्या नळीखाली बाटली धरायची. ती कामाला होती त्या प्रयोगशाळेत ते पाणी इतकं स्वच्छ निघायचं की आत्याचे पाहुणे संडासाला जातच नाहीत की काय असं वाटावं. आणि दर मंगळवारी त्याच किनाऱ्यावर डुंबलेली पोरं जुलाबांनी गळून दवाखान्यात यायची.

खोट वारात होती. पाणी बशीत घालून उबेत ठेवलं की चोवीस तासांनी जंतूंचे ठिपके मोजावे लागतात. शनिवारी बाटली भरली तर मोजणी रविवारी येणार, आणि टोंगा या बेटांच्या देशात रविवारी काम करणं हा कायद्यानं गुन्हा, गावाच्या नजरेत त्याहून मोठं पाप. म्हणून प्रयोगशाळा शनिवार-रविवार नमुना घेतच नसे. हे साऱ्या बेटाला ठाऊक होतं, आत्याला तर चांगलंच. ती रविवारी चर्चला निघताना मैल्याच्या टाकीची झडप उघडायची आणि परतल्यावर बंद करायची. सेलुवायाच्या हे ध्यानात आलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या रविवारी घंटा वाजली, लोक रिवाजाप्रमाणे कमरेला चटया गुंडाळून चर्चला गेले, आणि ती बर्फाची पेटी घेऊन किनाऱ्यावर आली. नळीतून काळपट घाण धो धो वाहत होती. तिनं बाटली भरून झाकण लावलं, तोवर मागून आत्या आली. गाणाऱ्यांच्या रांगेतली भाचीची जागा रिकामी दिसताच बाई पहिल्या बाकावरून उठून आली होती.

"ओत ते," आत्या म्हणाली.

टोंगात आत्यापुढे बापाचाही शब्द चालत नाही. सेलुवायानं जन्मात तिला नाही म्हटलं नव्हतं.

"तुझ्याच नातीला मंगळवारी सलाइन लावलं, आत्या."

"माझ्या नातीचं मी बघेन. तू मोठी शहाणी झालीस का? रविवारी काम करतेस म्हणून पोलिसांत सांगू?"

"चल की. मी बाटली भरली म्हणून सांगते, तू झडप उघडलीस म्हणून सांग. दोघी एकदमच जाऊ."

आत्याचा चेहरा लाल झाला. मग ती एकदम हळू बोलली. "तुझा बाप आता फार दिवस काढत नाही. तो गेला की त्याच्या उशाशी मी बसायची, हा माझा मान आहे. ती बाटली प्रयोगशाळेत गेली, तर मी येणार नाही. बहिणीवाचून जाऊ दे त्याला."

आत्याचा सेलुवायाला इतका संताप आला की क्षणभर बाटली तिच्याच अंगावर रिकामी करावीशी वाटली. तिनं ती बर्फात ठेवली आणि चालू लागली.

सोमवारी दुपारी बशीत ठिपक्यांना ठिपके चिकटलेले होते, मोजायची सोयच नव्हती. प्रयोगशाळेचे साहेब घाबरले. अहवालावर सोमवारची तारीख टाक, म्हणजे पापही नाही आणि बोभाटाही नाही, असं त्यांनी सुचवलं. तिनं साफ नकार दिला. सोमवारी नळीतून स्वच्छ पाणी येत होतं हे आत्यानं दहा जणांना दाखवलं असतं आणि अहवाल खोटा पडला असता. तिनं रविवार लिहिला, वेळ लिहिली, खाली सही केली.

किनारा बंद झाला, गेस्ट हाउसला टाळं लागलं. पाद्रीबाबांनी तिला गाणाऱ्यांतून काढलं. बाजारात बायका तिला पाहून पाठ फिरवू लागल्या. त्यांचीच पोरं आता धडधाकट होती, पण तिच्याशी कुणी बोलेना.

एका गुरुवारी बापाचं जेवण सुटलं. बहिणीला बोलाव, एवढंच तो म्हणत राहिला. सेलुवाया आत्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. आत्यानं तिला आत घेतलं नाही.

"कसा आहे?" आत्यानं विचारलं.

"तुझं नाव घेतोय."

आत्यानं रस्त्याकडे नजर वळवली. "तो कागद फाडून आण. मग येते."

"फाडणार नाही, आत्या."

"मग जा."

घरी बापानं डोळे उघडले. तिच्या पाठीमागे दाराकडे बराच वेळ पाहिलं.

"येतेय का ती?"

सेलुवाया त्याच्या पायांशी बसली.

"उद्या येते म्हणाली," ती म्हणाली.