निळं न दिसणारी लाल काच

मित्रांनो, मला डोळ्यांसमोर धरलंत तर सगळं जग लालभडक दिसेल आणि तुम्ही हसाल. मी पितळी कड्यात बसवलेली एक जुनी काच आहे. कॅमेऱ्याच्या भिंगावर चढवतात म्हणून मला फिल्टर म्हणतात. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे. तरी सांगते.

कुठल्याशा परदेशी कारखान्यात माझा जन्म झाला. मुंबईच्या दुकानातून दहिवलीच्या श्रीपत फोटोग्राफरने मला आणलं. तेव्हा फोटो काळे-पांढरे असत. निळं आभाळ फिल्मवर जवळजवळ पांढरंच उतरे आणि ढग त्यात हरवून जात. मी निळा उजेड अडवते. म्हणून माझ्यामुळे आभाळ काळंभोर होतं आणि ढग पिंजलेल्या कापसासारखे उठून दिसतात. दूरच्या डोंगरापुढचा धूसर पडदाही मी बराच दूर करते. माणसांचे चेहरे जवळून टिपताना मात्र श्रीपत मला उतरवून ठेवी, कारण माझ्यामुळे ओठ फिके पडतात आणि धडधाकट माणूस आजारी दिसतो.

माझ्यातून काढलेला माथेरानच्या डोंगराचा फोटो त्याने दुकानात दर्शनी लावला होता. येणारे-जाणारे थांबून बघत. श्रीपत तसा बुजरा, पण त्या फोटोचं कौतुक झालं की त्याची मान ताठ होई. मीही मनातून फुगत असे.

मग सत्तावन्न साल आलं. चौक गावाजवळच्या एका वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारल्याला वर्ष झालं होतं. मुंबईला गोदीत कामाला असलेली माणसंही त्या दिवसासाठी गावी आली होती. वस्तीतल्या पुतळाबाईंनी आपलं कोरं निळं लुगडं फाडून झेंडा शिवला होता.

"न नेसताच फाडलंस व्हय गं?" सासूबाई हळहळल्या.

"नेसून मी एकटीच मिरवली असती, आत्याबाई. आता सगळीच मिरवतील," पुतळाबाई म्हणाल्या.

फोटो काढायला श्रीपतला बोलावलं होतं. पुतळाबाईंचे यजमान बुधाजी झेंड्याची काठी उंच धरून सगळ्यांच्या मध्ये उभे राहिले. मागे दसऱ्यानंतरचं स्वच्छ निळं आभाळ होतं आणि त्यात पांढरेशुभ्र ढग. ते ढग बघून श्रीपतला मोह झाला. माणसं लांब उभी आहेत, चेहऱ्यांचं काही बिघडायचं नाही, असं म्हणून त्याने मला चढवलं. त्याच्या कॅमेऱ्याला दोन भिंगं होती. वरच्या भिंगातून तो बघे आणि खालच्यातून फोटो उतरे. मी खालच्या भिंगावर होते. मी काय करते आहे, ते त्याला दिसत नव्हतं.

आठवड्याने तो फोटो घेऊन वस्तीवर गेला. ढग अप्रतिम आले होते. तेवढेच बघून तो खूश होता. सगळे भोवती जमले.

"बुधाजी, नुसती काठी घेऊन कुठं निघालास रं? गुरं वळाया?" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

मग हसू थांबलं. काठी होती, पण तिच्यावर झेंडा नव्हता. मी आभाळ काळं केलं होतं आणि तसाच झेंडाही. काळ्यात काळं मिसळून गेलं होतं.

पुतळाबाईंनी फोटो हातात घेतला. "भाऊ, आमचा झेंडा तुमी का पुसला?"

श्रीपतने पिशवीतून मला काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "ताई, पुसला नाही. यातून झेंड्याकडे बघा."

त्यांनी मला डोळ्याला लावलं. "काळा दिसतोय," त्या हळूच म्हणाल्या. मग मला खाली घेऊन त्यांनी विचारलं, "ही काच कशापायी लावली?"

"ढग चांगले यावेत म्हणून."

"ढग रोजच हायेत की, भाऊ."

मित्रांनो, त्यांनी मला जमिनीवर आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला पदराने पुसून परत दिलं.

श्रीपतने लगेच दुसरा फोटो काढला. या वेळी मी पिशवीतच होते. आभाळ कोरं आलं, ढगाचा मागमूस नाही. पण झेंडा स्पष्ट उतरला, त्याच्या शिवणीसकट. फक्त गोदीतली माणसं तोवर मुंबईला परतली होती. ती त्या फोटोत नाहीत. त्या दिवसाचा झेंड्यासकट फोटो कुणालाच मिळाला नाही.

दुकानात लावलेला माथेरानचा फोटो श्रीपतने स्वतःच काढून ठेवला. वस्तीवरून निघताना पुतळाबाईंनी त्याला झेंड्यातून उरलेली निळी चिंधी दिली होती. "काच यात ठेवा. लावायच्या आधी हिच्यातून चिंधी बघत जा," असं म्हणाल्या होत्या. तो शेवटपर्यंत तसं करत राहिला. पुढे रंगीत फोटो आले आणि माझं काम संपलं.

आज मी त्याच चिंधीत गुंडाळलेली पडून आहे. ती निळी आहे, असं सगळे सांगतात. मला ती काळीच दिसते. माझ्यासारखी एखादी काच तुमच्या हाती आली तर ती जरूर वापरा, आभाळासाठी, डोंगरासाठी. पण समोर माणसं असली तर आधी त्यांना विचारा, यातलं तुमचं काय दिसायला हवं? तेवढं विचारायचं त्या दिवशी आमच्याकडून राहून गेलं.