गोठ्याच्या दारावरचे चौऱ्याहत्तर किलो

मी स्नोबोर्ड बोलतोय. उभ्याउभ्या ऐकलंत तरी चालेल. मला लांबण लावायची सवय नाही.

बर्फावरून नुसतं घसरत खाली यायला कुठलीही फळी पुरते. घमेलंसुद्धा पुरतं. मी त्या जातीचा नाही. मी कडेवर चालणारा. माणसानं मला एका कुशीवर कलंडवून अंगाचा भार टाकला, की मी धनुष्यासारखा वाकतो आणि माझी पोलादी कड बर्फ कापत वळते. मागे एक बारीक रेघ उरते. रेघ रुंद आणि फरफटलेली दिसली, तर समजावं की वर कोणीतरी घसरत होतं आणि स्वतःला उस्ताद समजत होतं. असे पुष्कळ असतात.

ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या एका अरुंद खोऱ्यात, गेब्हार्डच्या कारखान्यात मी जन्मलो. कारखाना म्हणजे गोठ्याला लागून असलेली एक खोली. भिंतीपलीकडे गाई रवंथ करायच्या, अलीकडे गेब्हार्ड. त्याच्या तोंडातही सदा सुक्या मांसाचा तुकडा असे. फरक एवढाच, की गाई गिऱ्हाइकांवर खेकसत नसत.

गिऱ्हाईक यायचं, फळी उभी धरायचं आणि म्हणायचं, "हनुवटीपर्यंत येते. हीच द्या."

"हनुवटीनं चालवणार आहेस का?" गेब्हार्ड विचारायचा. "वजन सांग. मग जोड्याची लांबी सांग, नाहीतर फळी अरुंद पडेल आणि तुझी बोटं बर्फ खरवडत जातील. सकाळच्या काचेसारख्या बर्फावर जाणार की दुपारच्या वितळत्या लापशीवर? उतार रुंद आहे की गल्लीएवढा?"

"मला तो लाल रंग आवडला."

"मग रुमाल घे लाल. नीघ."

वजनाच्या बाबतीत माणूस खरं बोलत नाही. शहरातले पाहुणे कमी सांगतात. आमच्या खोऱ्यातले वाढवून सांगतात, आणि त्याला कारण आहे. फेब्रुवारीत मेणबत्त्यांचा सण येतो. त्या दिवशी चर्चमधून आल्यावर प्रत्येक घर आपल्या गुरं तोलायच्या काट्यावर उभं राहतं. आकडे गोठ्याच्या दारावर खडूनं लिहितात आणि ते वर्षभर तिथेच राहतात. आकडा जड, तर घरानं हिवाळा नीट काढला. हलका, तर त्या घराचं काही खरं नाही. काट्यावर चढताना कोट काढायचा नसतो आणि कोटाच्या आत काय आहे हे विचारायचं नसतं. विचारणं म्हणजे घराचा अपमान. तेव्हा त्या दिवशी सगळं खोरं ताठ चालतं, आणि चालताना खडखडतं.

गेब्हार्डची मुलगी नोटबुर्गा. खालच्या उतारावर स्नोबोर्ड शिकवायची तिची मनापासूनची इच्छा. त्याला परवाना लागतो, परवान्याला परीक्षा. दोनदा ती नापास झाली होती. घरात फळ्या बनवणारा बाप, आणि पोरगी दुसऱ्यांच्या फळ्यांवर. गिऱ्हाईक आधी, घरचं मागाहून. मार्चमध्ये तिसरी परीक्षा होती. चौथी देता येत नाही.

म्हणून सण झाल्यावर गेब्हार्डनं तिच्यासाठी मला बनवलं. वजन विचारायची गरजच काय? खिडकीतून गोठ्याचं दार दिसत होतं. नोटबुर्गा, चौऱ्याहत्तर. त्यानं ॲश झाडाच्या कठीण लाकडाच्या पट्ट्या निवडल्या, वर फायबरचे थर चढवले, दाबयंत्रात दाबून मला तापवलं. बाहेर आलो तेव्हा त्यानं माझं एक टोक जमिनीला टेकवलं, दोन्ही हातांनी मधोमध रेटलं आणि म्हणाला, "हं." गेब्हार्डच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ.

मी उत्तम होतो. हे मी स्वतः सांगतो, कारण दुसरं कोणी नीट सांगत नाही.

पहिल्या दिवशी नोटबुर्गा माझ्यावर उभी राहिली. तिनं कलंडवलं. मी कलंडलो. तिनं भार टाकला. मी वाट पाहिली. राहिलेला भार कुठे होता? मी वाकलोच नाही. कडेवर सरळ सुटलो आणि तिला घेऊन कुंपणात गेलो.

महिनाभर हेच चाललं. परीक्षेत काठ्यांच्या मधून गोल, लहान वळणं घ्यावी लागतात. माझ्यावर तिची वळणं मालगाडीसारखी व्हायची. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टपाशी शेजारची वाल्बुर्गा आत्या उभी असायची.

"गेब्हार्ड, पोरीला फळी दिलीस की दरवाजा?"

"फळी चांगली आहे. पोरगी भित्री आहे."

हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? दोष तिचाच, असं मीही धरून चाललो होतो.

परीक्षेला आठवडा उरला तेव्हा नोटबुर्गानं मला कारखान्यातल्या बाकावर आपटलं.

"बाबा, हा वाकत नाही."

"गुडघे वाकव. तो आपोआप वाकेल."

"गुडघे वाकवून वाकवून म्हातारी झाले मी."

"चौऱ्याहत्तर किलोला हा वाकणार नाही? मी बनवलाय तो!"

भिंतीपलीकडे एक गाय खोकली.

"चौऱ्याहत्तर नाहीत, बाबा."

"मग किती?"

"अठ्ठावन्न."

"सोळा किलो गेले कुठे?"

"आले कुठून ते विचारा. अर्धं चाक चीज, विळ्याला धार लावायचे दोन दगड, आणि आईची बिडाची इस्त्री. बाकी जोडे नि कोट."

"इस्त्री?" गेब्हार्ड ओरडला. "आठवडाभर तुझी आई ती शोधत होती! मी चुरगळलेल्या सदऱ्यात चर्चला गेलो!"

"परत ठेवायला धीर होईना."

"अगं, काट्याशी सगळेच खोटं बोलतात. पण फळी बनवणाऱ्याशी?"

"फळी बनवणारा खडू घेऊन तिथेच उभा होता. आणि बाबा, तुमचे ते अठ्ठ्याण्णव..."

"माझं काढू नकोस."

त्यानं मला उचललं, पुन्हा एकदा मधोमध रेटलं आणि भिंतीवरच्या खुंटीला टांगलं. मग म्हणाला, "चल काट्यावर."

"आत्ता? रविवार आहे. चर्च सुटलंय, सगळे रस्त्यावर आहेत."

"फळी पाहिजे की अब्रू?"

उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. भर दुपारी, मोज्यांवर आणि एका लोकरी सदऱ्यात ती गुरांच्या काट्यावर उभी राहिली. रस्त्यावर माणसं थांबली. काटा अठ्ठावन्नवर आला आणि तिथेच राहिला. गेब्हार्ड आपल्या दारापाशी गेला. त्याच्या बापानं, आज्यानं त्याच दारावर आकडे लिहिले होते आणि लिहिलेला आकडा वर्ष सरायच्या आत कोणी कधी पुसला नव्हता. त्यानं बाहीनं चौऱ्याहत्तर पुसले आणि अठ्ठावन्न लिहिले. मोठ्या अक्षरात.

"काय रे, पोरीला उपाशी ठेवतोस का?" वाल्बुर्गा आत्या कुंपणावरून ओरडली.

"नाही. काट्याला जास्त भरवत होतो. ते बंद केलं."

आत्या हसली नाही. तिनं आपला कोट आवळून धरला आणि ती घाईघाईनं घरी गेली.

चार दिवसांत त्यानं दुसरी फळी बनवली. लाकूड पातळ, मधली कंबर तिच्या छोट्या जोड्यांच्या मापाची, वळण लहान. मी खुंटीवरून सगळं पाहिलं. मला ती फळी आवडली नाही. बोटानं दाबली तरी वाकायची. असल्या फळीला कणा असतो का, असं मला वाटलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पाऊस झाला आणि पहाटे गोठला. सकाळी उतार आरशासारखा. गेब्हार्डनं आम्हा दोन्ही फळ्यांना वर नेलं होतं. सुरुवातीच्या काठीपाशी त्याचा धीर सुटला. एवढा खडूस माणूस, पण बापच तो.

"नोटबुर्गा, आज काच आहे. याला घे," त्यानं मला पुढे केलं. "काचेवर कडक फळीच धरते."

तेही खरंच आहे. मी तयार होतो.

नोटबुर्गानं माझ्याकडे पाहिलं. "धरते, बाबा. वाकवणारा असेल तर. मी अठ्ठावन्न किलोची आहे."

"हळू बोल. परीक्षक ऐकतील."

"ऐकू द्या. दारावर लिहिलंय की."

तिनं मला त्याच्याकडेच परत सारलं आणि नवी फळी पायाला बांधली.

ती निघाली. पहिल्या वळणाला फळी वाकली. दुसऱ्यालाही. काठीला वळसा, पुन्हा काठी, आणि आवाज फक्त कापल्याचा, खरवडल्याचा नाही. गेब्हार्डनं मला इतकं घट्ट धरलं होतं की माझे थर कुरकुरले. परीक्षक उतरत उतरत गेला, मध्येच बसला आणि तिच्या रेघेत बोट घालून पाहिलं. बोटाएवढीच होती. त्यानं पेन्सिल काढली, काहीतरी लिहिलं आणि खाली जाऊन तिच्याशी हात मिळवला.

गेब्हार्ड म्हणाला, "हं." आणि नाक शिंकरायला मागे वळला.

माझ्याखाली तिची रेघ तशी कधीच उमटली नव्हती. हे मी कबूल करतो. पुन्हा विचारू नका.

आता मी खुंटीवर असतो. लाकूड शाबूत, कड धारदार, मेण ताजं. गेल्या हिवाळ्यात एका शहरी पाहुण्यानं पोट आत ओढून चौऱ्याहत्तर सांगितले आणि मला घेऊन गेला. आकडा खोटा होता, ते पहिल्या वळणाला कळलं. पाहुणा त्याहून भारी होता. बर्फावर मी त्याच्याखालून निसटलो आणि तो बसल्या जागी लिफ्टपर्यंत गेला. संध्याकाळी गेब्हार्डनं मला पुसून परत टांगलं.

तुमच्यात कोणी चौऱ्याहत्तर किलोचा असेल, सकाळच्या गोठलेल्या बर्फावर निघणारा, तर यावं. काटा अंगणातच आहे, जोडे बाहेर काढून ठेवावेत. एरवी ताठ राहायचं मला आवडतं. पण भार खरा असेल तर मी वाकेन.